धोंडीरामनं वारा दाखवला

टेंभुर्णीहून दहाएक किलोमीटरवर, उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून एक गाव आहे. तिथं जाऊन धोंडीराम कोण असं विचारलंत, तर लहान पोरगंसुद्धा उलट विचारील, "कंचा? वारा दाखवनारा तात्या व्हय?" वय साठीच्या पुढं, अंग वाळलेल्या शेंगेसारखं, डोक्यावर टोपी, खांद्यावर तांबडा टॉवेल, आणि तोंड म्हणाल तर सकाळी उघडलं की झोपेपर्यंत मिटायचं नाव नाही. चाळीस वर्षं धरणाच्या पाण्यावर होडी चालवली. माणसं ओढली, मासे ओढले, एकदा तर नवरदेवाची वरात ओढली.

माणूस वाईट नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. कुणाच्या अडीअडचणीला नाही म्हणायचा नाही. पण एक खोड होती. चारचौघांत 'माझं चुकलं' म्हणायची वेळ आली की ह्याची एवढी चालणारी जीभ तिथंच अडायची. मधल्या पाण्यात इंजिनातलं डिझेल संपलं, तर हा म्हणणार, डिझेलात भेसळ होती. पाहुण्यांची पिशवी पाण्यात पडली, तर पिशवीचे बंदच कच्चे होते. बायको बजाबाई म्हणायची, "ह्यांचं चुकल्यालं म्या अजून बघितलं न्हाय, आन बरूबर आल्यालं बी लई येळा बघितलं न्हाय." गाव हसायचं, तोही हसायचा. अशा बारक्यासारक्या थापांनी कुणाचं काही बिघडत नव्हतं, निदान तोपर्यंत तरी.

आता वारा दाखवणं म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. धरण झालं तेव्हा धोंडीराम सोळा वर्षांचा. रानं पाण्याखाली गेली आणि ज्यांनी विहिरीपलीकडं पाणी पाहिलं नव्हतं ती माणसं होड्या वल्हवायला लागली. उन्हाळ्यात दुपार कलली की त्या पाण्यावर काय सोसाट्याचं वावधान सुटतं ते तिथं राहणाऱ्यालाच ठाऊक. होडीत बसलेल्याला ते दिसत नाही. काठावर उभ्या असलेल्याला दिसतं. लांबवर पाणी एकदम काळवंडतं आणि ती काळी पट्टी सरकत सरकत होड्यांवर येते. धोंडीरामचा थोरला भाऊ एकनाथ अशाच एका दुपारी बुडाला. काठावर एकजण उभा होता, त्याला ती पट्टी दिसली होती. पण त्याचं आणि एकनाथचं बांधावरनं वाकडं होतं, म्हणून तो गप राहिला. तेराव्याला सगळं गाव म्हसोबापुढं जमलं, नारळ फुटला आणि ठरलं, की ज्याला वारा दिसेल त्यानं तो दाखवायचा. डोक्याचं, खांद्याचं जे काय असेल ते काढायचं आणि ज्या अंगानं वारा येतोय त्या अंगाला तीनदा हलवायचं. होडीत वैरी का बसलेला असेना. तेव्हापासून वारा बघून गप बसणाऱ्याला त्या गावात कुणी दारात उभं करत नाही. आणि सगळ्यांत आधी वारा दिसायचा तो धोंडीरामला. भाऊ गेला ते डोळ्यांनी बघितलेलं. त्याची नजर पाण्यावरनं कधी हललीच नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी तिथं सुबोध सर आले. मूळचे सोलापूरचे, नौदलात पंधरा वर्षं काढलेले. त्यांनी एकेका पोरानं चालवायच्या सहा बुटक्या शिडाच्या होड्या आणल्या आणि गावातली आणि सोलापुरातली पोरं गोळा करून त्यांना शिकवायला लागले. कुणी पालथं झालं तर उचलून आणायला मोटारीची होडी लागते, ती चालवायला त्यांनी धोंडीरामला घेतलं. आणि धोंडीरामच्या मागनं त्याची नात आरोही आली. बाप टेंभुर्णीत ट्रकच्या गॅरेजात, पोरगी आजाआजीकडं. नऊ वर्षांची असताना ती त्या होडीत बसली ती बसलीच. तेरा वर्षांची होईतो जिल्ह्यात तिच्यापुढं जाणारं पोर उरलं नव्हतं. सोलापूरचा एक शिक्षकाचा मुलगा, वरद, तेवढा कधीमधी तिला मागं टाकायचा.

सरांनी पोरांना पहिल्या दिवशी एक नियम सांगितला होता. पाण्यावर प्रत्येकाच्या मागं पंच फिरत नसतो. वळणावरच्या बोयाला, म्हणजे त्या तरंगत्या पिंपाला, होडी घासली तर ज्याची घासली त्यानंच बाजूला व्हायचं, होडीसकट एक पूर्ण गिरकी घ्यायची आणि मग पुढं जायचं. तोपर्यंत बाकीचे पुढं गेले तर गेले. धोंडीरामला ह्याचं भारी हसू आलं. त्यानं विचारलं, कुणी बघितलंच नसलं तर? सर म्हणाले, तर नक्कीच घ्यायची. हा किस्सा धोंडीरामनं पुढं दोन वर्षं चहाच्या टपरीवर रंगवून सांगितला. "कुत्रं बी बघत न्हाय, आन हे पोरगं आपलं आपुनच गिरकी घेतंय!" टपरीवर लोक पोट धरून हसायचे.

गेल्या हिवाळ्यात हैदराबादला मोठ्या शर्यती होत्या. तीन दिवस, सहा शर्यती. मुलींत पहिल्या तीन येणाऱ्यांना देशाच्या संघाच्या शिबिराला घेणार होते. आरोहीनं वर्षभर दुसऱ्या कशाचं नाव काढलं नव्हतं. शाळेच्या वहीच्या मागल्या पानावर तिनं मोठ्या अक्षरात 'तिसरी' असं लिहून ठेवलेलं बजाबाईनं बघितलं होतं. पहिली का नाही लिहिलं असं विचारल्यावर पोरगी म्हणाली, तिसरीला घेत्यात की.

निघायच्या सकाळी जीपच्या मागं ट्रॉली जोडली, होड्या पालथ्या घालून बांधल्या. दोऱ्या आवळायला धोंडीराम, सोबतीला धोंडीराम, गप्पा मारायलाही धोंडीरामच. सरांनी सगळ्यांना जवळ बोलावून बजावलं, की शर्यत सुरू झाली की काठावरून हाक नाही, खूण नाही. बाहेरून मदत मिळाली तर ती शर्यत बाद. धोंडीराम गाठ मारत मारत व्हय व्हय म्हणाला. इथं सरावाला तर रोज टॉवेल हलवत होता, त्याला कुणी कधी अडवलं नव्हतं. उमरग्याला चहाला थांबले तर एकानं ट्रॉलीकडं बघून विचारलं, ह्या गव्हाणी कुठं मिळतात? धोंडीरामनं गंभीर तोंड करून त्याला सांगितलं, की ह्या हैदराबादच्या म्हशींसाठी खास बनवल्यात. पोरं हसून हसून लाल झाली. आरोही तर त्याच्या दंडाला धरून हसत होती. तिचा तो दंडावरचा हात पुढं कित्येक दिवस त्याला आठवत राहिला.

पहिल्या दिवशी आरोही चौथी आणि तिसरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या शर्यतीत पाचवी. गडबड नाही, घाबरणं नाही. सर म्हणाले, अशीच चालली तर काम झालं. सहांतली प्रत्येकाची सर्वांत वाईट शर्यत हिशेबातून सोडून देतात, म्हणजे एखादी बिघडली तरी चालेल.

दुपारी चौथी शर्यत लागली. तलाव कसा निपचित पडला होता. तीस-पस्तीस शिडं ओल्या धोतरासारखी लोंबत होती, होड्या जागच्या हलत नव्हत्या. सर मोटारबोटीत लांब होते. धोंडीराम काठावर इतर पोरांच्या आईबापांत उभा. आणि त्याला दिसलं. डाव्या अंगाला, लांब, पाणी काळवंडलं होतं.

हात त्याला विचारून गेला नाही. टॉवेल खांद्यावरनं निघाला आणि डाव्या अंगाला तीनदा हलला. चाळीस वर्षांची सवय ती. त्या वेळी काठाकडं तोंड असलेली आणि त्या खुणेचा अर्थ कळणारी पोरं दोनच. वरदनं बघितलं आणि मान फिरवली. आरोहीनं बघितलं आणि होडी डावीकडं घातली. तिला वारा आधी मिळाला, बाकीच्यांना बऱ्याच वेळानं. ती दुसरी आली. धोंडीरामची छाती फुगली. शेजारच्या अनोळखी माणसाला त्यानं मोडक्या हिंदीत सांगितलं, "मेरा नात है वो."

तासाभरात तक्रार आली. कुणीतरी सांगितलं होतं, की काठावरच्या तांबड्या टॉवेलवाल्या माणसानं खूण केली. सर धावत ट्रॉलीपाशी आले आणि त्यांनी सरळ विचारलं, तात्या, टॉवेल हलवला का? आणि इथं बघा माणूस कसा असतो. धोंडीरामला त्या क्षणापर्यंत आपण काही चुकीचं केलंय हे ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. सरांचा चेहरा बघितला आणि ते आलं. निघतानाचं बजावणं आठवलं. आणि डिझेलात भेसळ होती म्हणावं इतक्या सहज त्याच्या तोंडून निघून गेलं, "छ्या! घाम पुसत व्हतो की." सरांचा जीव भांड्यात पडला. ते म्हणाले, बरं झालं, मग आत जाऊन तेवढंच सांगा.

संध्याकाळी सुनावणी झाली. खोलीत एक लांब टेबल, पलीकडं तीन पंच. मधोमध पांढऱ्या केसांच्या एक बाई, आवाज अगदी मऊ. त्या रागावल्या असत्या तर धोंडीरामला सोपं गेलं असतं. त्यांनी हिंदीत विचारलं, तुम्ही तुमच्या नातीला वारा दाखवला का? धोंडीरामच्या मनात आलं, सांगून टाकावं. भाऊ, म्हसोबा, नारळ, सगळं सांगावं. पण सरांना आधीच दुसरं सांगून बसला होता. सर शेजारीच होते. चार परक्या माणसांत, सरांच्या देखत, आपण खोटं बोललो म्हणायचं? तो म्हणाला, घाम पुसत होतो.

मग बाईंनी आरोहीला विचारलं, तू टॉवेल पाहिलास का?

पोरीनं आज्याकडं बघितलं. धोंडीरामनं तिच्या नजरेला नजर द्यायला हवी होती. मान हलवून खरं सांग म्हणायला हवं होतं. त्यानं काय केलं, तर खाली बघितलं आणि टोपीची घडी सारखी केली. आरोहीला कळलं. आपण खरं बोललो तर आजा इथं ह्या लोकांत उघडा पडतो, एवढं तेरा वर्षांच्या पोरीला न कळायला काय झालं?

"नहीं," ती म्हणाली. "मैंने नहीं देखा."

मग दार उघडून एक बाई आत आल्या. पुण्याकडच्या एका मुलीच्या आई. त्या आपल्या लेकीचं चित्रण करत होत्या आणि फोनच्या एका कोपऱ्यात धोंडीराम आला होता. पंचांनी फोन टेबलावर ठेवला. एवढ्याशा पडद्यावर एवढासा धोंडीराम डावीकडं बघतो, खांद्यावरनं टॉवेल काढतो, तीनदा हलवतो, आणि पाण्यावर एकच शीड डावीकडं वळतं. कुठला घाम आणि कुठलं काय. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात. धोंडीरामला त्या दिवशी त्याचा अर्थ कळला. आरोहीचे कान लालभडक झाले होते. ती टेबलाच्या कडेकडं बघत उभी होती, आणि पांढऱ्या केसांच्या बाई तिच्याकडं बघत होत्या. रागानं नव्हे, वाईट वाटून.

बाहेर आल्यावर सरांनी आरोहीला पोरांत पाठवलं आणि धोंडीरामला नळापाशी बाजूला घेतलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, पण त्यातला शब्द न् शब्द धोंडीरामला अजून पाठ आहे.

"तात्या, तुम्ही खरं सांगितलं असतं तर ही एक शर्यत बाद झाली असती. सर्वांत वाईट शर्यत तशीही सोडून देतात. ती सोडली असती, आणि पोरगी पहिल्या तिघींत राहू शकली असती. पण खोटं बोलून बाद झालेली शर्यत सोडून देता येत नाही. ती हिशेबात धरतात. शेवटच्या नंबराच्याही खालची म्हणून धरतात."

धोंडीरामनं विचारलं, पोरीचं काय चुकलं? खोटं तर म्या बोललो.

"ती पण बोलली," सर म्हणाले. "तुमच्यासाठी."

आता सांगायला डिझेल नाही, भेसळ नाही, पिशवीचे बंद नाहीत. नळ ठिबकत होता, तो त्यानं उगाच घट्ट बंद केला.

तिसऱ्या दिवशी त्याला पाण्याकडं जायची मनाई होती. कुंपणापलीकडं ट्रॉलीच्या दांडीवर तो बसून राहिला. भोंगे ऐकू यायचे, टाळ्या ऐकू यायच्या, दिसत काही नव्हतं. आरोही पाचव्या शर्यतीत चौथी आली आणि सहाव्या शर्यतीत पहिली. हे त्याला वरदनं येऊन सांगितलं. शेवटी यादी लागली तेव्हा आरोहीचं नाव अकरावं होतं. तिसऱ्या नंबरावर त्या पुण्याकडच्या मुलीचं. आरोहीनं जाऊन तिचा हात हातात घेतला, अभिनंदन केलं. ती मुलगी आणि तिची आई दोघीही अवघडून गेल्या. धोंडीराम लांबून बघत होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये आरोही मागच्या बाकावर खिडकीशी बसली. जाताना आज्याच्या शेजारी बसली होती. कुणी तिला बोल लावला नाही, ती रडली नाही. नळदुर्गाच्या अलीकडं वरदनं धोंडीरामला विचारलं. भोचकपणानं नव्हे, पोराला खरोखरच कळत नव्हतं. "तात्या, टॉवेल हलवला तर हलवला. तुम्ही सांगितलं का नाही?" धोंडीराम म्हणाला, "लाज वाटली रं." वरदनं थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग आता?" सरांनी वरदला पुढं बघून बस म्हणून सांगितलं.

सोलापूरला बजाबाईचा फोन आला. गावात निकाल पोचला होता, कारण नव्हतं पोचलं. काय झालं म्हणून ती विचारत होती. तेव्हा तरी ह्या माणसानं शहाणं व्हावं की नाही? पण मागं बाकावर सरांची सगळी पोरं, पुढं सर. त्यानं आवाज बारीक करून सांगितलं, की परक्या मुलखात आपल्या पोरीचं कोण ऐकून घेतंय. आणि फोन ठेवला. मागं वळून बघितलं तर आरोही त्याच्याकडंच बघत होती. तिनं तोंड खिडकीकडं फिरवलं.

बजाबाईला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. रात्र सोलापुरात काढून सकाळी जीप गावात शिरली तर ग्रामपंचायतीपुढं मांडव, हलगी, आणि भलामोठा फ्लेक्स. त्यावर जाकीट घातलेली आरोही, आणि तिच्या शेजारी तिच्याहून मोठा धोंडीराम, कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतला, काळा गॉगल लावलेला. खाली लिहिलेलं, 'अन्याय झाला तरी आमच्यासाठी तूच विजेती.' सरपंच आबासाहेबांनी आजा-नातीला ओढतच खुर्चीवर बसवलं, हार घातले आणि भाषण सुरू केलं. शहरातल्या पंचांनी खेड्यातल्या पोरीवर कसा डाव धरला, ह्याचं आबासाहेबांनी असं वर्णन केलं की जणू ते खोलीत हजर होते. लोक मुठी आवळायला लागले. सुबोध सर गर्दीच्या कडेला हाताची घडी घालून उभे होते. आरोहीच्या गळ्यातला हार तिच्या गुडघ्यापर्यंत येत होता आणि ती हाराच्या एकेका झेंडूची पाकळी तोडत होती.

धोंडीराम उठला. आबासाहेबांचं वाक्य अर्धं राहिलं.

"अन्याव कुनी केला न्हाय," तो म्हणाला. "म्या टावेल हलवला. तितं तसं चालत न्हाय. आन पंचांनी इचारलं तर खोटं बोललो. म्या खोटं बोललो म्हनून पोरगी बोलली. न्हायतर तिसरी आली व्हती ती."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं चारचौघांत 'माझं चुकलं' म्हटलं होतं. चारचौघं कसले, पाचशे माणसं होती. त्याला वाटलं, आता लोक उठून जातील, थुंकतील, कुणीतरी फ्लेक्स फाडील. व्हावं, असंच त्याला वाटत होतं.

मग मागनं कुणीतरी म्हणालं, वारा दाखवला यात चुकलं काय? आबासाहेबांना तेवढंच पुरलं. म्हसोबापुढं नारळ फोडून घेतलेली आण आमच्या तात्यानं परमुलखातसुद्धा पाळली, असं ते गरजले. आणि खोटं बोलला म्हणाल, तर नातीसाठी कुणीही बोललं असतं! टाळ्यांचा कडकडाट झाला. हलगी सुरू झाली. दोन माणसांनी धोंडीरामला उचलून खांद्यावर घेतलं. तो "आरं न्हाय, आरं ऐका की" म्हणत राहिला आणि लोक म्हणाले, बघा, किती साधा माणूस. बजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, अभिमानाचं. खांद्यावरनं धोंडीरामला दिसलं, की आरोहीनं हार काढून खुर्चीवर ठेवला आणि ती एकटीच घराकडं चालली. पाठोपाठ सरही जीपमध्ये बसले.

खरं सांगतो, लोकांनी जोडे मारले असते तर तो चार दिवसांत मोकळा झाला असता. गावानं माफ करून टाकलं, तेही हसत हसत, आणि लाज सगळी त्याच्या एकट्याच्या पदरात राहिली. टपरीवर कुणी हैदराबादची गोष्ट काढली की तो उठून जाई. बजाबाईला कळेना, ह्या माणसाच्या तोंडाला झालंय काय. आरोही घरात बोलायची ते कामापुरतं. जेवायला चला. सर बोलावत्यात. इंजिनात तेल घाला. वहीचं मागलं पान तिनं फाडून टाकलं होतं. एकदा न राहवून तो तिला म्हणाला, की गावापुढं सांगितलं की गं म्या. ती दप्तर भरत होती. "गावापुढं सांगून काय उपेग," ती म्हणाली. "जितं इचारलं तितं न्हाय सांगितलं." आणि शाळेत गेली. त्यानं सरांना जाऊन सांगितलं, आता दुसरा माणूस बघा. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, पळून जाऊ नका, कामावर या.

मग महिन्याभरानं उजनीवर सरावाची शर्यत लागली. चार पोरं, चार होड्या. मोटारबोट त्या दिवशी सरांकडं होती, धोंडीरामला त्यांनी काठावर थांबायला सांगितलं. जिवाशी खेळ नसेल तर टॉवेल नाही, हेही सांगितलं. धोंडीरामनं टॉवेल खांद्यावरनं काढला, त्याची चौपदरी घडी केली आणि तीवर बूड टेकून बसला. म्हणजे हाताला जायला वावच नको.

शेवटचा बोया काठाजवळ होता, तो बसला होता त्याच्या अगदी समोर. आरोही सगळ्यांत पुढं. मागं पाच-सहा होड्यांच्या अंतरावर वरद. सर पार दुसऱ्या टोकाला, पाठमोरे. आरोहीनं वळण जवळून घेतलं, जरा जास्तच जवळून, आणि होडीचा मागचा कोपरा बोयाला घासला. बोया किंचित डुलला. मागच्या वरदला मधे आलेल्या शिडापायी ते दिसायचं कारण नव्हतं. दिसलं ते एका धोंडीरामला.

आरोहीनं मान वर करून काठाकडं बघितलं. सरळ आज्याच्या डोळ्यांत. ह्या वेळी त्यानं खाली बघितलं नाही. तिनं सुकाणू ओढलं, शीड पलीकडं टाकलं आणि होडीसकट एक पूर्ण गिरकी घेतली. सावकाश, सरांनी शिकवली तशी. वरद पुढं निघून गेला. त्याच्या मागचं पोरही गेलं. ती तिसरी आली.

होड्या काठाला लागल्या. सरही आले. त्यांनी विचारलं, अगं, सगळ्यांत पुढं होतीस, मधेच गिरकी कशाला घेतलीस? वरदही ऐकायला थांबला. आरोही शिडाची दोरी सोडत होती. तिनं वर बघितलं नाही.

"तात्यांना इचारा," ती म्हणाली. "त्यांनी बघितलंय."

धोंडीराम टॉवेलवरनं उठला. साधी गोष्ट, एका वाक्याचं काम. पण त्याआधी त्यानं टॉवेल उचलला, झटकला, खांद्यावर टाकला.

"बोयाला घासली व्हती, सर," तो म्हणाला. "म्या बघितलं."

सर बरं म्हणाले आणि वहीत लिहायला लागले. आरोहीनं सोडलेली दोरी गोळा केली, आज्याच्या हातात दिली आणि होडीचं दुसरं टोक धरलं.

"उचला," ती म्हणाली.